एका म्हणीचे कार्ड: ‘नाचता येईना अंगण वाकडे’ची बहुभाषिक नोंद

मराठी म्हणी आणि त्यांना जवळच्या असलेल्या इतर भाषांतल्या म्हणी मी गेली काही वर्षे कार्डांवर टिपून ठेवतो. एका म्हणीला एक कार्ड, वर मराठी पाठ, त्याखाली अर्थ आणि त्याखाली इतर भाषांतले पर्याय, अशी साधी मांडणी मी सुरुवातीला ठरवली होती. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ या म्हणीचे कार्ड पहिल्याच आठवड्यात भरून झाले, कारण ही म्हण शाळेपासून पाठ होती आणि तिचा अर्थ सांगायला कोणाला थांबावे लागत नाही. तेच कार्ड पुढे मला चार वेळा नव्याने लिहावे लागले. ते का लिहावे लागले आणि प्रत्येक वेळी त्यावर काय वाढले, याची सविस्तर हकिगत येथे देत आहे. म्हणी गोळा करू पाहणाऱ्या कोणालाही याच अडचणी याच क्रमाने येतील असे मला वाटते.

पहिल्या कार्डावर चार ओळी होत्या. मराठी पाठ, ‘स्वतःला काम येत नसले की माणूस साधनांना किंवा परिस्थितीला दोष देतो’ हा अर्थ, हिंदीतली ‘नाच न जाने आँगन टेढ़ा’ आणि इंग्रजीतली ‘अ बॅड वर्कमन ब्लेम्स हिज टूल्स’. आपल्याकडच्या बहुतेक शालेय व्याकरणांत आणि स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत म्हण अशीच दिलेली असते. या चार ओळींत खोटे काहीच नव्हते, आणि म्हणूनच त्या अपुऱ्या आहेत हे लक्षात यायला वेळ लागला.

पहिला धक्का मावळातल्या एका स्वयंपाकघरात बसला. श्रावणातले दिवस होते आणि मी मामीकडे मुक्कामाला गेलो होतो. घरात गॅस होता, पण भाकरी आणि मोठ्या पातेल्यातला भात अजून चुलीवरच होत असे. मामीची सून चुलीपुढे बसून फुंकणीने जाळ करण्याचा प्रयत्न करीत होती, आणि पडवीत रचलेली लाकडे पागोळ्यांनी भिजल्यामुळे नुसता धूर होत होता. भाताचे आधण काही केल्या येईना. लाकडे ओली असल्याची कुरबूर तिने केली तशी मामी उंबऱ्यातूनच म्हणाल्या, “नाचता येईना अंगण वाकडं, रांधता येईना ओली लाकडं!” सुनेने मागे न बघता उत्तर दिले, “आत्याबाई, हात लावून बघा की, खरंच ओली हायेत.” मामी आत आल्या, एक लाकूड उचलून त्याची साल अंगठ्याने दाबून पाहिली, “हायेत गं, खरीच ओली हायेत,” असे म्हणाल्या आणि माळ्यावरच्या कोरड्या गोवऱ्या काढून दिल्या. दोघी हसत होत्या. भात वेळेवर झाला.

त्या दोन मिनिटांत मला माझ्या कार्डातल्या दोन मोठ्या उणिवा दिसल्या. एक म्हणजे म्हणीचा दुसरा अर्धा भाग माझ्याकडे नव्हताच. दुसरी उणीव अधिक गंभीर होती: मी लिहिलेल्या अर्थाप्रमाणे ही म्हण खोटी सबब सांगणाऱ्याला लागू होते, पण येथे ती खरी अडचण सांगणाऱ्या मुलीला, तिच्या खऱ्या अडचणीविषयी, प्रेमाने आणि चिडवण्यासाठी वापरली गेली होती, आणि तरीही तो वापर कोणाला चुकीचा वाटला नाही.

आधी दुसऱ्या अर्ध्याविषयी लिहितो, कारण या प्रकरणात मला सर्वांत जास्त शिकवले ते त्यानेच. ‘नाचता येईना अंगण वाकडे, रांधता येईना ओली लाकडे’ हा जोड म्हणून पाहिला की म्हणीची घडण एकदम उघड होते. ‘नाचता’ला ‘रांधता’ जुळते, ‘येईना’ दोन्हीकडे तेच राहते, आणि ‘वाकडे’ला ‘लाकडे’ मिळते. लिहिताना ‘वाकडे–लाकडे’ असो की बोलताना ‘वाकडं–लाकडं’, यमक कोठेच तुटत नाही. काही घरांत ‘रांधता’च्या जागी ‘स्वयंपाक येईना’ असेही म्हणतात. तेथे अर्थ तोच राहतो पण ठेका सैल पडतो, आणि म्हणून ‘रांधता’ हाच पाठ अधिक घट्ट बसलेला आहे असे मी मानतो. दोन्ही ओळी मिळून बाईच्या दिवसाची दोन टोके दाखवतात, एक सणासमारंभाच्या अंगणातले आणि दुसरे रोजच्या चुलीपुढचे. पहिली ओळ एकटी राहिली की म्हण नाचाविषयी, म्हणजे क्वचित घडणाऱ्या गोष्टीविषयी होते. दुसरी ओळ सोबत आली की ती रोजच्या कामाविषयी होते, आणि मामींना ती नेमकी चुलीपुढेच का आठवली हे समजते.

त्यानंतर मी भेटेल त्याला ‘नाचता येईना…’ एवढेच म्हणून पुढचे शब्द विचारू लागलो. ‘अंगण वाकडे’ सगळ्यांनी पुरे केले, अगदी शाळकरी मुलांनीही. ‘रांधता येईना’ सांगणाऱ्या जवळजवळ सगळ्या चुलीवर स्वयंपाक केलेल्या बायका होत्या. ही विचारण्याची रीत माझी नाही. रशियन अभ्यासक ग्रिगोरी पेर्म्याकोव्ह यांनी १९७० च्या दशकात मॉस्कोत लोकांना म्हणींचे आरंभ देऊन ते पूर्ण करायला लावले होते, आणि त्यातून भाषा जाणणाऱ्या प्रत्येकाला माहीत असलेल्या म्हणींचा एक पायाभूत संच ठरवला होता. त्यांना हवे होते ते सर्वांना ठाऊक असलेले. मला त्याच रीतीतून उलट गोष्ट हाती लागली: म्हणीचा कोणता भाग सर्वांकडे उरला आहे आणि कोणता भाग एका पिढीच्या, एका कामाच्या माणसांकडेच राहिला आहे, हे एकाच प्रश्नाने कळते. ओली लाकडे ज्यांनी कधी फुंकली नाहीत त्यांच्या तोंडी ती ओळ उरलेली नाही. नोंद करणाऱ्याने हा अर्धा आज टिपला नाही तर गॅसच्या शेगडीपुढे वाढलेल्या माणसाकडून तो उद्या मिळणार नाही, ही मला या सगळ्यातली सर्वांत तातडीची बाब वाटते.

दुसरे कार्ड लिहिताना मी जुन्या संग्रहांकडे वळलो. मराठीत हे काम नवे नाही. मोल्सवर्थच्या मराठी–इंग्रजी कोशात, ज्याची दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली, शब्दांच्या खाली जागोजाग म्हणी दिलेल्या आहेत. चर्च मिशनरी सोसायटीचे मिशनरी ए. मॅनवेअरिंग यांचा मराठी म्हणींचा संग्रह इंग्रजी भाषांतरासह १८९९ मध्ये ऑक्सफर्डच्या क्लॅरेंडन प्रेसने छापला. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांचा ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ १९४० च्या दशकात दोन भागांत आला. या मंडळींनी जे जमवून ठेवले आहे त्याच्यापुढे माझ्यासारख्या एकट्या माणसाचा कार्डांचा डबा फार लहान आहे, आणि त्यांच्याविषयी मनात कृतज्ञता ठेवूनच मी त्यांच्या पद्धतीच्या मर्यादा सांगतो.

जुने संग्रह वाचताना पहिली अडचण येते ती लेखनाची. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम लागू झाले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. त्याआधीच्या वळणाप्रमाणे हीच म्हण ‘नाचतां येईना आंगण वांकडें’ अशी लिहिली जाई. वाचणाऱ्याला यात काही अडत नाही, पण अकारविल्हे लावलेल्या यादीत ‘आंगण’ आणि ‘अंगण’ वेगळ्या जागी पडतात, आणि संगणकावर शोध घेताना तर ‘नाचतां’ आणि ‘नाचता’ हे दोन परके शब्द ठरतात. म्हणून मी म्हण पहिल्या शब्दाखाली लावणे सोडून दिले. आता ती ‘नाचणे’, ‘अंगण’, ‘वाकडे’, ‘रांधणे’ आणि ‘लाकूड’ अशा पाच शब्दांखाली सापडते, आणि जुना लेखी पाठ व आजचा बोली पाठ दोन्ही शेजारी लिहिलेले असतात. ‘वाकडं’ म्हणणाऱ्या बाईचे ‘वाकडे’ करून लिहिणे ही मला आता नोंद वाटत नाही, ती दुरुस्ती वाटते, आणि ती करण्याचा अधिकार नोंद करणाऱ्याला नाही.

दुसरी अडचण वर्गवारीची आहे. मॅनवेअरिंग यांनी म्हणी विषयवार लावल्या: शेतीच्या, जनावरांच्या, अन्नाच्या आणि अशाच इतर. अशा रचनेत म्हणीतले चित्र जेथे नेईल तेथे म्हण जाते. बैलाची म्हण बैलाखाली जाते, मग ती आळशी माणसाविषयी का असेना. व्लादिमीर दाल यांनी १८६२ साली रशियन म्हणींचा तीस हजारांहून मोठा संग्रह अकारविल्हे न लावता आशयाप्रमाणे लावला, म्हणजे नशीब, श्रीमंती, काम, आळस अशा मथळ्यांखाली. दोन्ही रीतींचा उपयोग वेगळा आहे. चित्राप्रमाणे लावले की लोक कशात जगत होते ते दिसते, आशयाप्रमाणे लावले की ते एकमेकांना काय सांगत होते ते दिसते. आमच्या म्हणीत पहिल्या रीतीने अंगण आणि लाकडे वेगवेगळ्या प्रकरणांत जातील आणि यमकाने बांधलेली जोडी फुटेल. दुसऱ्या रीतीने जोडी टिकते पण ‘सबब’ या एका शब्दाखाली अंगणाचे शेणसारवण आणि चुलीचा धूर दोन्ही नाहीसे होतात. यावर तोडगा म्हणजे दोन्ही खुणा कार्डावर असणे, एवढेच मला सुचले.

आता इतर भाषा. माझ्या पहिल्या कार्डावर हिंदी आणि इंग्रजी शेजारी शेजारी होत्या, जणू दोघींचे मराठीशी नाते सारखेच आहे. तसे ते नाही. विश्वनाथ दिनकर नरवणे यांनी पुण्यात राहून आधी सोळा भाषांचा ‘भारतीय व्यवहार कोश’ आणि नंतर तीन खंडांचा ‘भारतीय कहावत संग्रह’ सिद्ध केला, आणि निरनिराळ्या भारतीय भाषांतल्या म्हणी देवनागरीत आणून एकमेकींजवळ ठेवल्या. असे जवळ ठेवले की डोळ्यांना काही गोष्टी आपोआप दिसू लागतात. बंगालीत ‘नाचते ना जानले उठोन बाँका’ म्हणतात, नेपाळीत ‘नाच्न नजान्ने आँगन टेढो’ म्हणतात. गुजराती आणि आसामी म्हणींतही दोष अंगणाच्याच वाकडेपणाला दिला जातो. कानडीत ‘कुणियलारदवळु नेल डोंकु अंदळंते’ म्हणजे नाचता न येणारी म्हणाली की जमीन वाकडी. तमिळमध्ये ‘आडत् तेरियादवळ् कूडम् कोणल् एन्राळाम्’, आणि तेथे वाकडे असते ते कूडम्, म्हणजे घरातले मधले दालन. सिंहलीत नाचता न येणाऱ्या माणसाला जमीन वाकडी असते. तेलुगू मात्र अंगण सोडून वाद्याकडे वळते: ‘आडलेक मद्देल ओडु अन्नट्टु’, नाचता येईना म्हणून मद्दल, म्हणजे मृदंगासारखे वाद्य, फुटका म्हटल्यासारखे.

या ओळी एकाखाली एक लिहिताना माझे लक्ष एका लहान शब्दावर अडकले. कानडीतल्या ‘अंदळंते’च्या शेवटी जो ‘अंते’ आहे आणि तमिळमधल्या ‘एन्राळाम्’च्या शेवटी जो ‘आम्’ आहे, तो ऐकीव गोष्ट सांगताना लावायचा प्रत्यय आहे. मराठीत आपण त्या जागी ‘म्हणे’ घालतो. ‘राजा होता म्हणे’ मधला हा ‘म्हणे’. मराठीतही ‘नाचता येईना म्हणे अंगण वाकडे’ हा पाठ जुन्या माणसांच्या तोंडी सापडतो, आणि मी तो आजवर भरतीचा शब्द समजून गाळत आलो होतो. आता वाटते की म्हणीचा प्राण त्या एका शब्दात आहे. ‘म्हणे’ घातला की अंगण वाकडे असल्याचे विधान म्हण वापरणाऱ्याचे राहत नाही, ते कोण्या तिसरीचे होते, आणि बोलणारा फक्त ते पुढे पोचवतो. समोरच्याला तोंडावर खोटे न ठरवता, एका अनाम नाचणारीची गोष्ट सांगून त्याला त्या जागी बसवण्याची ही सोय आहे. मराठीच्या दक्षिणेच्या शेजारणींनी ती सोय व्याकरणात पक्की करून ठेवली आहे, मराठीने ती ऐच्छिक ठेवली आहे, आणि हिंदी–बंगालीच्या रूढ पाठांत ती नाही. भाषांतर करून अर्थ लिहिला की हे सारे एका क्षणात पुसले जाते, म्हणून तिसऱ्या कार्डापासून प्रत्येक परभाषी पाठ आधी देवनागरीत जसाच्या तसा, मग शब्दशः मराठीत आणि मगच आशय, असा क्रम मी पाळतो.

दुसरी दिसलेली गोष्ट नाचणाऱ्याच्या लिंगाची. कानडी आणि तमिळ पाठ स्पष्ट बाईविषयी आहेत. मराठी, हिंदी, बंगाली यांच्यात कर्ताच नाही, त्यामुळे म्हण कोणालाही लागू होते, पण मराठीचा दुसरा अर्धा जोडला की ती पुन्हा बाईकडे झुकते, कारण रांधणे तिच्याकडे होते. फारसीत तर ही नवरीची गोष्ट आहे: नवरीला नाचता येत नाही आणि ती म्हणते जमीन वाकडी. तुर्कीतल्या एका पाठात न नाचणारी मुलगी म्हणते माझी जागा अपुरी. जागा मोठी करून देतात तर म्हणते माझी बाही घट्ट. तुर्कीत जागेला ‘येर’ आणि बाहीला ‘येन’ शब्द आहे, आणि सगळी गंमत त्या ‘येरिम दार, येनिम दार’ या जवळजवळ सारख्या नादावर उभी आहे. पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या यिडिश भाषेत मुलीला नाचता येत नाही म्हणून ती वाजवणाऱ्यांना वाजवता येत नाही असे सांगते. पोलिश म्हणीत वाईट नर्तिकेला घागऱ्याची कड आड येते, आणि तेथेही नर्तिकेचा शब्द ‘बालेत्नित्सी’ आणि घागऱ्याचा शब्द ‘स्पुद्नित्सी’ यांचे यमक आहे. मलय भाषेत दोष लान्ताईला, म्हणजे घरातल्या जमिनीला, ती वरखाली हलते म्हणून दिला जातो. खांबांवर उभारलेल्या घरात फळ्यांची किंवा बांबूची जमीन खरोखर हलते, हे ज्याने पाहिले असेल त्याला ती तक्रार आपल्या अंगणाच्या तक्रारीपेक्षा किती निराळी आहे ते समजेल.

या टप्प्यावर एक मोह होतो आणि तो आवरणे मला अवघड गेले. अंगण, दालन, मद्दल, फळ्यांची जमीन, घागऱ्याची कड, अशी रांग लागली की प्रत्येक वस्तूत त्या त्या समाजाचा स्वभाव शोधावासा वाटतो: भारतीय अंगणात राहतात म्हणून अंगण, पोलिश लोक बॅले बघतात म्हणून घागरा. थोडे खरे त्यात आहे. पण मराठीत ओली लाकडे आली ती ‘वाकडे’शी यमक जुळते म्हणूनही आली, पोलिशमध्ये घागरा आला तो नर्तिकेशी यमक जुळते म्हणूनही आला आणि तुर्कीत बाही आली ती नादासाठी. वस्तू निवडण्यात जगण्याइतकाच कानाचाही हात आहे. जो संग्राहक म्हणी फक्त भाषांतरातून गोळा करतो त्याला हा कान कधीच दिसत नाही, आणि मग तो यमकाने घातलेल्या वस्तूवरून संस्कृतीचे सिद्धांत मांडत बसतो. बहुभाषिक म्हणीसंग्रहांतली सर्वांत मोठी फसगत येथे होते, असे माझे ठाम मत झाले आहे.

हे सगळे पाहिल्यावर इंग्रजीची ‘बॅड वर्कमन’ त्याच रांगेत ठेवणे मला पटेना. तिच्यात नाच नाही, जमीन नाही, ऐकीव गोष्ट नाही आणि बाई तर नाहीच. एक कारागीर आहे आणि त्याची हत्यारे आहेत. तिचे मूळ घराणे फ्रेंच आहे, जेथे वाईट कारागिराला चांगले हत्यार कधी सापडत नाही अशी म्हण तेराव्या शतकापासून लिहिलेली सापडते. आशय एक, घराणे निराळे. येथे मला फिनलंडचे अभ्यासक मत्ती कूसी यांच्या पद्धतीचा आधार झाला. त्यांनी अनेक देशांच्या संग्रहांतल्या म्हणींची कार्डे वर्षानुवर्षे जमवली आणि त्यांच्यासाठी १३ मुख्य विषय, ५२ वर्ग आणि ३२५ उपगट अशी चौकट बांधली. त्यांची कन्या औती लाउहाकान्गास यांनी ते काम पुढे नेले. आकड्यांपेक्षा मला त्यातला भेद महत्त्वाचा वाटतो: एका उपगटात एकाच विचाराच्या अनेक म्हणी राहतात, पण एका प्रकारात तेव्हाच दोन म्हणी घालायच्या जेव्हा त्यांचे चित्र आणि घडणही एक असते. त्या हिशेबाने मराठी, हिंदी, बंगाली, नेपाळी, कानडी, तमिळ, सिंहली, फारसी आणि मलय हा नाचणारी व जमीन यांचा एक प्रकार, तेलुगू व यिडिश हे नाच ठेवून दोष वाद्याकडे किंवा वाजवणाऱ्यांकडे नेणारे त्याचे जवळचे भाऊबंद, तुर्की व पोलिश त्याच्या कडेला, आणि इंग्रजी–फ्रेंच हा शेजारचा स्वतंत्र प्रकार. चौथ्या कार्डावर इंग्रजी म्हण मी खोडली नाही, फक्त एक रेघ मारून तिला खाली वेगळी जागा दिली. शाळेच्या पुस्तकांतही ही रेघ असावी असे मला मनापासून वाटते, कारण ‘समानार्थी’ म्हणून दोन म्हणी पाठ केलेल्या मुलाला त्या एकच आहेत असे वाटू लागते आणि पुढे त्याच्या भाषांतरात अंगण नाहीसे होऊन हत्यारे येतात.

‘वाकडे’ या शब्दाविषयी एक बारकावा येथेच नोंदवतो. इंग्रजी भाषांतरांत अंगण कधी उंचसखल होते, कधी उतरते. पण वाकडे, टेढ़ा, बाँका, डोंकु, कोणल् हे सगळे शब्द आकाराच्या बाकाचे आहेत, चढउताराचे नाहीत. अंगणाला उतार तर असावाच लागतो, नाहीतर पावसाचे पाणी सारवणावर तुंबते. त्याबद्दल कोणी नाचणारी तक्रार करणार नाही. ती तक्रार करते ती अंगण चौकोनात नसल्याची, म्हणजे ज्याने नाचाला काहीच फरक पडत नाही अशा गोष्टीची. सबब किती पोकळ आहे ते या शब्दाच्या निवडीत आहे, आणि उंचसखल जमीन लिहिली की सबब अर्धी खरी होऊन बसते.

आता मावळातल्या त्या दुसऱ्या उणिवेकडे परत येतो, म्हणजे म्हण कोणी, कोणाला, कशासाठी वापरली याकडे. लोकसाहित्याचे अभ्यासक ओजो अरेवा आणि अॅलन डंडस यांनी १९६४ साली पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा भाषेतल्या म्हणींवर लिहिताना हाच आग्रह धरला होता. म्हणीचा पाठ आणि अर्थ नोंदवून भागत नाही, ती कोण कोणाला म्हणू शकतो, कोणाच्या देखत, आणि तिने त्या वेळी काय साधले हेही लिहावे लागते, असे त्यांचे सांगणे होते. मामींच्या स्वयंपाकघरात सासू सुनेला ही म्हण म्हणू शकत होती. सून सासूला तीच म्हण तशी म्हणू शकली नसती, निदान त्या घरात आणि माझ्यासारखा पाहुणा असताना नाही. देशावर बऱ्याच घरांत सून सासूला आत्याबाई म्हणते, आणि त्या हाकेतला मायेचा अंश नसता तर तेच शब्द टोमणा ठरले असते. म्हणीने खरे–खोटे ठरवले नाही; लाकूड हातात घेऊन ते मामींनी ठरवले. म्हणीने सुनेला बोलायला जागा दिली आणि मामींना उठून आत यायला निमित्त दिले. माझ्या पहिल्या कार्डावरच्या ‘अर्थ’ या रकान्यात यातले काहीही मावत नव्हते, म्हणून आता त्याखाली ‘प्रयोग’ असा रकाना आहे, आणि त्यात तारीख, ऋतू, नाते, आधीचे वाक्य व नंतरचे वाक्य अशा पाच गोष्टी लिहितो. माणसांची नावे लिहीत नाही. स्वयंपाकघरातले बोलणे विश्वासाने ऐकू दिलेले असते.

अशाने कार्ड फुगते हे खरे आहे. डच विद्वान इरॅस्मसने १५०० साली पॅरिसमध्ये ग्रीक–लॅटिन म्हणींचा पहिला संग्रह छापला तेव्हा त्यात ८१८ नोंदी होत्या आणि बहुतेक काही ओळींच्या होत्या. १५३६ साली तो वारला तोवर त्या ४,१५१ झाल्या होत्या आणि ‘ज्याने युद्ध अनुभवलेले नाही त्यालाच ते गोड वाटते’ या अर्थाच्या एका म्हणीवरची नोंद एका संपूर्ण निबंधाएवढी वाढली होती. हजार म्हणी चार ओळींत नोंदवाव्यात की शंभर म्हणी चार पानांत, असा प्रश्न प्रत्येक संग्राहकापुढे येतो. वेळ कमी असेल तर मी दुसऱ्या बाजूने कौल देईन, कारण चार ओळींचे काम आपल्या आधीच्यांनी मराठीत पुष्कळ करून ठेवले आहे आणि चुलीपुढचे अजून कोणी फारसे केलेले नाही.

पाचवे कार्ड पुरे झाल्यावर, पुढच्या पावसाळ्यात, मी ते मामींना वाचून दाखवले. इतर भाषांचे पाठ त्यांनी लक्ष देऊन ऐकले. तुर्की बाहीवर त्या हसल्या, मलय घरातली हलणारी जमीन त्यांना लगेच पटली, कारण त्यांच्या माहेरी भाताच्या खाचरात राखणीचा माळा असे आणि त्यावर चढल्यावर तो तसाच हलत असे. मराठी पाठ वाचताना मी ‘म्हणे’ कंसात घेतला होता. तो कंस काढायला त्यांनी सांगितले, त्यांच्या आईच्या तोंडी तो शब्द नेहमी असे म्हणून. मग प्रयोगाचा रकाना वाचून झाला. त्यात तारीख होती, श्रावण होता, सासू–सुनेचे नाते होते, त्यांचे स्वतःचे वाक्य होते. थोडा वेळ थांबून त्यांनी विचारले, “आणि ती काय म्हणाली ते?”

नंतरच्या वाक्याची जागा कार्डावर कोरी राहिली होती. ‘हात लावून बघा की, खरंच ओली हायेत’ हे मी त्यांच्यासमोर बसून लिहिले, आणि चुलीपाशी असलेल्या सुनेला ते बरोबर उतरले का, म्हणून मोठ्याने वाचून दाखवले.